सांगेल तेच लिहायचं

‘पदरचा एक शब्दही घालायचा नाही,’ पर्यवेक्षक म्हणाले. ‘मुलगी सांगेल तेच लिहायचं. चुकली तर चुकीचंच.’

लेखनिक बाईने मान हलवली. नऊ वर्षं ती हेच ऐकत होती. ज्या मुलांना लिहिणं जमत नाही त्यांचे पेपर ती लिहून द्यायची, आणि परीक्षेच्या दिवसांत तिची बोटं संध्याकाळी चहाचा कप धरायलाही कुरकुरायची.

‘तुमचं नाव दुसऱ्या केंद्रावर होतं ना?’

‘इथली खोली तळमजल्यावर आहे. गुडघे बोलतात माझे.’

‘म्हणून दोन बस बदलून आलात? कमाल आहे!’

मुलगी सोळा वर्षांची होती. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख. पण पेन हातात धरलं की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. भाषेच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. लेखनिक मिळाली ती आता, तिसऱ्या खेपेला. या वेळीही घोडं अडलं तर आत्या तिला शाळेतून काढून शिवणाच्या दुकानात बसवणार होती. घंटा व्हायच्या आतच मुलीने हे सगळं सांगून टाकलं.

‘मावशी, मी भरभर बोलते हं. थांबवा मला.’

‘बोल तू. माझा हात पुरा पडतो.’

पुरा कसला पडतोय! दीड तासात बाईचा खांदा भरून आला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ मुलीने सांगितला, ‘आधी अंगण नीट करून घ्यावं, मग नाचावं.’ बाईने हसू गिळलं आणि तसंच उतरवलं. एक गुण गेला. तो तिच्या जिवाला लागला.

शेवटी निबंध आला, ‘माझं लहानपण’.

‘मी तीन वर्षांची असताना आई गेली. पूर्णविराम. तिचा चेहरा मला आठवत नाही. पूर्णविराम. वेणी घालताना कुणीतरी गुणगुणायचं, एवढंच आठवतं. पूर्णविराम.’

निबंध पानभर झाला. नियमाप्रमाणे बाईने तो वाचून दाखवला. पहिल्याच वाक्याला मुलगी अडली.

‘“गेली” नको, मावशी.’

‘मग?’

‘नुसतं “गेली” म्हटलं की कुठेतरी निघून गेली असं वाटतं. “वारली” लिहा. तापाने वारली. आत्या सांगते ना.’

बाईचं पेन कागदावर टेकून राहिलं.

‘लिहिलंत?’

बाईने शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर नवा शब्द लिहिला. ‘लिहिलं.’

‘आता होईन ना मी पास?’

‘होशील,’ बाई म्हणाली. हे मात्र पदरचं होतं.

घंटा झाली. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका उचलली आणि बाईपुढे एक फॉर्म सरकवला.

‘घ्या, आता तुमच्या मनचं लिहा.’

नाव, पत्ता, शिक्षण भरून झालं. शेवटचा रकाना होता, ‘विद्यार्थिनीशी नाते’. त्याखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, लेखनिक नातेवाईक आढळल्यास उत्तरपत्रिका रद्द.

तेरा वर्षांपूर्वी पोटच्या पोरीला नणंदेच्या पदरात टाकून निघून गेलेल्या त्या बाईने रकान्यात लिहिलं, ‘काही नाही’.