सरत्या वर्षाचे जगज्जेते

रामदासांनी शेवटचं नाव लिहून खडू खाली ठेवला, आणि त्यांच्या बायकोनं, प्रेमलानं, तो उचलला.

"अहो, एक राहिलं."

"कोण?"

"मी."

खडकी बाजारातल्या त्या चौकात मंडळाचा फळा म्हणजे भिंतीतच केलेला सिमेंटचा काळा चौकोन. दारूगोळा कारखान्यात रामदासांनी उभा जन्म पेट्यांवर रंगानं आकडे घातले. निवृत्त झाल्यावर तोच हात फळ्यावर चालू लागला. दोन हजार अकरा साल सरत आलं होतं. क्रिकेटचा विश्वचषक भारत, महिला फुटबॉल जपान, रग्बी न्यूझीलंड. शंभर मीटर धावणे, बोल्ट, चुकीच्या सुरुवातीमुळे बाद. सगळं जग फळ्यावर मावलं होतं. ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेत पाच हजार मीटरला पहिली आलेली घरची बायको तेवढी मावली नव्हती.

"आपणच आपल्या माणसाचं काय लिहायचं?" रामदास पुटपुटले. "बरं दिसत नाही."

"पळताना मीही बरी दिसत नव्हते. पहिली आले."

आणि तिनं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात तळाशी लिहिलं: पाच हजार मीटर, ज्येष्ठ महिला, राज्यात पहिली, प्रेमला गजभिये.

समोर हडपसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत पोरंपोरी उभी होती. वर्षभर त्यांनी या काकूंना साडीवर कॅनव्हासचे बूट घालून होळकर पुलाकडून पळत येताना पाहिलं होतं आणि माना खाली घालून हसूनही घेतलं होतं. एकीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काकू, हे तुम्ही? फाइव्ह के? सॉलिड!" प्रेमलाला इतकं बरं वाटलं, की खडू तसाच हातात घेऊन ती घरी गेली.

संध्याकाळी बघते तर तिची ओळ गायब. बाकीचं जग जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती ओळ पुन्हा लिहिली. खडू ठेवते न ठेवते तोच मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव ओलं फडकं घेऊन हजर.

"वहिनी, थोडं तारतम्य हवं. ही जगज्जेत्यांची नावं आहेत. त्यात गल्लीतलं नाव घुसडलं तर लोक हसतील."

"कोण हसलं?"

"हसतील ना!"

"बरं. हिंमतराव, हा बोल्ट शंभर मीटर पळाला का हो?"

"नाही, बाद झाला तो."

"म्हणजे जो पळालाच नाही त्याचं नाव राहणार. मी मैदानाला साडेबारा फेऱ्या मारल्या, माझं पुसणार. वा रे न्याय!"

बसच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हिंमतरावांचे कान लाल झाले.

"फळा मंडळाचा आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर फडक्याच्या एका फटक्यात ओळ पुसून टाकली.

प्रेमलाची तळपायाची आग मस्तकात गेली. रामदास दुधाच्या पिशव्या धरून मागंच उभे होते. ती वळली.

"तुम्ही काही बोलणार आहात का?"

रामदासांनी पिशव्या सावरल्या आणि ते सरळ घराकडं चालू लागले. गेले! साहेबासमोर 'हो जी' म्हणण्यात ज्याची नोकरी संपली, त्याच्याकडून आणखी काय होणार? स्पर्धेत ती शेवटच्या फेरीला एकटी पुढं होती, तेव्हा तिला असं एकटं वाटलं नव्हतं. आता डोळे भरून आले. पण हिंमतरावांसमोर रडेल ती प्रेमला कसली. ती तिथंच उभी राहिली.

"भाऊंना कळतं बघा," हिंमतराव फडकं पिळत म्हणाले. "तुम्हीही घरी जा आता."

"बायको कुठं जात नाही," मागून रामदासांचा आवाज आला.

त्यांच्या एका हातात स्टूल होतं. दुसऱ्या हातात खिडक्यांना मारून उरलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा, आणि ब्रश खिशात खोचलेला. ते स्टुलावर चढले. 'सरत्या वर्षाचे जगज्जेते' ही मथळ्याची ओळ त्यांनी बाहीनं पुसली आणि त्या जागी, सगळ्यात वर, ठळक अक्षरं काढायला घेतली. प्रे. म. ला. कारखान्यातल्या पेट्यांवर काढायचे तशी, सरळ, एका उंचीची.

बस आली. चढायचं सोडून पोरं बघत राहिली.

"अहो रामदासभाऊ, हा ऑइल पेंट आहे!" हिंमतराव ओरडले. "हा पुसला जायचा नाही!"

"माहीत आहे," रामदास मान न वळवता म्हणाले. त्यांचा आवाज थोडा कापत होता, हात मात्र नाही.

"उद्या वरून काळा मारून टाकीन."

"मारा की," प्रेमला म्हणाली. "आमचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे."

हिंमतरावांनी काळा काही मारला नाही. फळा लिहायला दुसरं कुणी मिळतंय का, हे मात्र त्यांनी बघून घेतलं. गल्लीतल्या पोरांची बोटं कीबोर्डवर सुसाट, खडू हातात दिला की कोंबडीचे पाय. महिन्याभरात त्यांनीच रामदासांकडं खडूची पेटी पाठवून दिली.

पुढच्या वर्षी लंडनला ऑलिंपिक झालं. शंभर मीटरचं सोनं बोल्टनं नेलं. रामदासांनी नवा खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

प्रेमलाच्या खाली.