लिंबाचा पाला

"कोण मेली रोज लिंबाचा पाला ओरबाडून नेती?" खडी फोडता फोडता भामाबाई कुरकुरली. "लेकरं निजवायला येवढी एकच तर सावली हाय."

सुप्याच्या रस्त्यावर दुष्काळी काम चाललं होतं. गावोगावची माणसं तिथंच खोपी घालून राहिली होती. पाला कशाला लागतो ते साऱ्याजणींना ठाऊक होतं, पण त्या दुखण्याचं नाव कुणी काढत नव्हतं. नाव निघालं, की मुकादम त्या घराला कामावरून काढणार. मग खायचं काय? बघता बघता लिंबाच्या नुसत्या काड्या उरल्या.

दुपारी मालन तान्ह्याला पोटाशी धरून भामाबाईच्या खोपीशी आली. ती पाथर्डीकडून कालच कामावर आली होती.

"मावशी, झाडाखाली सावलीच न्हाई वं. ह्याला घटकाभर तुमच्या लेकीशेजारी निजवू का?"

भामाबाई दार अडवून उभी राहिली. मुकादम हाकेवरच विडी ओढत बसला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग तान्ह्याकडं.

"आत नको आणू, बाई," ती म्हणाली. "माज्या लेकीला देवी आल्यात."