काडीही लागत नाही

"हे खुंट कोणाचे?" साहेबांनी विचारले.

"वाऱ्यानं पडले जी," झामसिंग म्हणाला.

"वारा असं सपाट कापतो?"

"इकडचा वारा तसाच हाये."

साहेबांनी वहीत 'वारा' असे लिहिले आणि पुढच्या सागाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळली.

जमीनदारांची मालगुजारी जाऊन तीन वर्षे झाली होती. नागझिऱ्याकडचे जंगल आता सरकारचे होते, आणि त्यातले किती राखायचे हे शास्त्रीय पाहणीने ठरणार होते. त्यासाठी साहेब नागपूरहून आले होते. आपण जंगल वापरतो असे दिसले तर ते बंद होणार आणि गाव उठणार, एवढे शास्त्र झामसिंगच्या गावालाही कळत होते. म्हणून जळतण भाताच्या तणसाच्या ढिगाखाली गेले, मोहफुले गोधडीत शिवली गेली. गावात पंचवीस चुली होत्या. त्या दिवशी एकही पेटली नाही.

गावात आल्यावर साहेबांनी छापील तक्ता उघडला. "जळाऊ लाकूड वर्षाला किती लागतं?"

"लागत नाई जी."

"मग स्वयंपाक?"

"आमी थंडंच खातो."

"मोहफुलं? बांबू? चराई?"

"नाई. गायी घरीच रायतेत. लाजऱ्या हायेत."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "झामसिंग, नीट आठवून सांगा. घाई नाही. काहीतरी लागत असेलच ना?"

मागून त्याची बायको दुर्पता कडाडली, "काऊन खोदून खोदून विचारून राहिले जी? एक काडी नाई लागत आमाले!"

साहेबांनी तेही लिहून घेतले आणि गावातर्फे झामसिंगचा अंगठा घेतला. त्यांची बैलगाडी दिसेनाशी झाली तशा पंचवीस चुली पेटल्या.

शेजारच्या गावच्या बिसरामने मात्र घाबरून सगळे कबूल केले होते. लाकूड, बांबू, मोह, गुरे, सगळे.

"येड्यानं गाव बुडवला," दुर्पता म्हणाली. बिसराम महिनाभर बाजाराला आला नाही.

पावसाळ्यानंतर हुकूम आला. मास्तरांनी तो दोन्ही गावांना एकत्र बसवून वाचला. पाहणीत ज्या गावाने जेवढी गरज सांगितली, तेवढे जंगल त्या गावाला कायमचे मोकळे. बाकीच्यात पाय ठेवायचा नाही.

"बिसरामच्या गावाला नऊशे एकर," मास्तर म्हणाले.

"अन् आमाले?" झामसिंगने विचारले.

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"तुमची तारीफ लिहिली आहे."