टपकणारा वॉल्व्ह

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी धुरपताबाईंचा गीझर आधी गुरगुरला, मग गप्प झाला. नळातून पाण्याऐवजी वाफ आली. त्यांची हाक ऐकून चौकात चहा पीत बसलेला तय्यब मिस्त्री पिशवी घेऊन धावत आला.

झाकण काढलं. आत क्षाराचा पांढरा थर होता. लातूरच्या बोअरचं पाणी, त्याचं नवल नव्हतं. थर्मोस्टॅट चिकटल्यामुळे पाणी तापतच राहिलं होतं, आणि शेवटी कटआउटने वीज तोडली होती. मग तय्यबची नजर सेफ्टी वॉल्व्हवर गेली. वाढलेला दाब बाहेर सोडणारं त्याचं तोंड बंद होतं. लाकडी बूच ठोकून वर पुट्टी लिंपलेली.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मी. टपकून राहिलं होतं."

"ते टपकायसाठीच हाय. पाणी तापलं की फुगतं, तेवढं भायेर पडतं."

"मीबी तापले की फुगते. मग मला काय भोक पाडतोस का?"

तय्यबला हसू आलं, पण त्याने पाना हातातून सोडला नाही. "खाली बादली ठिवा."

"अन् भरलेली बादली उचलायला तू येशील? रेल्वेनं पाणी आलं त्या साली दोन घागरींसाठी उन्हात उभी होते मी. माझ्या घरात एक थेंब वाया जाणार न्हाई."

"टाकी फुटली तर छत जाईल. तुम्ही जाल."

"जाईन. माझं घर, माझा गीझर. तू तुझं काम कर."

"मावशी, हेच माझं काम हाय."

तो पुट्टी खरवडायला लागला. धुरपताबाईंनी त्याचं मनगट धरलं. सत्तरीची बाई, पण पकड पक्की.

"हात काढ."

"न्हाई काढत."

त्याने दुसऱ्या हाताने गीझरची पिन उपटली, पक्कडीने वायर कापली आणि पिन मुठीत धरली. "वॉल्व्ह बदलू द्या, मग जोडतो. तवर चुलीवर तापवा."

"दुसरा मिस्त्री आणीन!"

"आणा. चौकात सगळ्यांना सांगून ठिवतो. या गीझरला कुणी हात लावायचा न्हाई."

"लई शहाणा झालास!" धुरपताबाई कडाडल्या. "जगाला शिकवतो, अन् तुझ्या घरचा गीझर महिनाभर टपकून राहिला. तुझी बायको रडकुंडीला आली, तुला सवड न्हाई. काल सांजेला मीच गेले अन् ह्याच हातानं बूच ठोकून दिलं तिला. फुटलं का तुझं छत? आज जुम्मा हाय. सगळ्यांच्या अंघोळीला गीझर लावला आसंल तुझ्या बायकोनं, खातूनबीनं, एव्हाना."

तय्यबच्या मुठीतली पिन खाली पडली.

त्याच्या घरच्या गीझरचा थर्मोस्टॅट आणि कटआउट, दोन्ही जळाले होते. नवे मिळेपर्यंत त्याने तार सरळ जोडून दिली होती; पाणी कितीही तापलं तरी वीज आपोआप तुटणार नव्हती. वॉल्व्ह आहे ना, मग कशाला घाबरतेस, असं तोच बायकोला म्हणाला होता.

त्याने फोन लावला. धुरपताबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

रिंग पूर्ण वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला.