शेजारची मशीन

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर दोनच. एक खुशालकडे, दुसरा सादिककडे. खुशालच्या मशीनवर प्रोग्राम चालवायला लागणारा कम्पायलर चढवतानाच, अर्ध्यात लाईट गेली आणि फ्लॉप्या घेऊन मेकॅनिक नागपूरला निघून गेला. तेव्हापासून खुशालचा कुठलाही प्रोग्राम शेवटच्या जोडणीला 'लायब्ररी सापडत नाही' म्हणून अडायचा; प्रोग्रामला जोडायच्या तयार फायलींची ती लायब्ररी चढायचीच राहिली होती. सादिकचे धडाधड चालायचे, अन् खुशालच्या पोटात दुखायचं.

आज तपासायला आलेल्या साहेबांसमोर ज्याचा प्रोग्राम चालेल, तो पुण्याला ट्रेनिंगला जाणार होता. सादिक जुम्म्याच्या नमाजाला गेला, तशी खुशालनं त्याच्या मशीनमधली लायब्ररीच पुसून टाकली.

सादिक घाईघाईनं परतला.



"खुशालभाऊ, जुम्मा हाय म्हणून माहा प्रोग्राम मी सकाळीच साहेबांले दाखवला. तुमचा आता माह्या मशीनवर लावा, साहेब परत येऊनच राह्यले!"