भिंतीवरचा वाईट माणूस

शाळेच्या गेटवर रखवालदाराने पेंटरच्या गळ्यात पाहुण्यांचं कार्ड अडकवलं. "कार्डाशिवाय इथे चिटपाखरूसुद्धा आत येत नाही," तो ऐटीत म्हणाला.

मुलांनी ज्याच्यापासून सावध राहायचं, तो वाईट माणूस भिंतीवर रंगवायचा, एवढंच काम होतं. पेंटरने सकाळभर खपून एक माणूस उभा केला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"अहो, हा तर चारचौघांसारखा दिसतोय! मुलांनी ओळखायचा कसा? जरा भयंकर करा."

पेंटरने दाढीचे खुंट वाढवले, काळा गॉगल चढवला. बाईंचं आपलं "अजून, अजून" चालूच. मग त्याने शर्ट फाडला, खांद्यावर पोतं दिलं आणि गालावर लांबलचक व्रण ओढला, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता कसा शोभतोय! मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नच मिटला बघा."

बाई गेल्या. पेंटर ब्रश धूत बसला होता, तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी भिंतीपाशी येऊन थांबली. तिने चित्र पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"काय गं, आता दिसला तर ओळखशील ना याला?" पेंटरने कौतुकाने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

 

"तुमचं चुकलंय, काका. तो रोज दाढी करतो, आणि त्याच्या गळ्यात आपल्या शाळेचं कार्ड असतं."