उजव्या गालावरचा तीळ

"ही एक मुलगी नाही. दोन आहेत," लेखक म्हणाला आणि पडद्यावर भिंगरीचे दोन चेहरे शेजारी शेजारी आले. एकीचा तीळ डाव्या गालावर होता, दुसरीचा उजव्या.

भिंगरी ही कार्टून मालिकेची नायिका. मालिका तेवीस वर्षं चालू होती आणि भिंगरी तेवीस वर्षं नऊ वर्षांचीच होती. आता शेवटचा भाग लिहायचा होता. लेखक मूळचा प्रेक्षक. शाळेत असल्यापासून एकेक भाग थांबवून, मागे नेऊन पाहणारा. अशा हजारो चाहत्यांचा अंदाज तो आज कंपनीसमोर मांडत होता.

"तीळ उजवीकडे गेलाय अशी त्रेचाळीस दृश्यं आहेत. सगळी गेल्या अकरा वर्षांतली. आणि ही उजवी भिंगरी वागतेही वेगळी. आधी खाली बघते, मग समोरच्याकडे. ओठ मिटून हसते. डावी बत्तिशी दाखवते. चाहते म्हणतात, उजवी तोतया आहे; कधी कधी ती तीळ डावीकडे लावूनही येते, पण हसू तेच राहतं. शेवटच्या भागात तिला पकडू या आणि घराबाहेर काढू या."

"माझ्या बायकोला तीळ कुठे आहे ते मला सांगता यायचं नाही," रंगखात्याचे काका म्हणाले, "आणि ही पोरं त्रेचाळीस मोजून बसलीत."

निर्मातीबाई हसल्या नाहीत. "तपासणी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," तपासनीस म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत. चित्रांच्या प्रत्येक गठ्ठ्यावर तिची सही होती. भिंगरी पहिल्यांदा कागदावर उतरवणारे अण्णा तिचे वडील.

ताईने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. लेखकाचं निरीक्षण बिनचूक होतं. भिंगऱ्या दोनच होत्या. एक अण्णांची आणि एक तिची.

अकरा वर्षांपूर्वी अण्णांचा हात थरथरायला लागला. ते घरीच चित्रं काढत, सकाळी ताई गठ्ठा घेऊन निघे. ऑफिस नऊला भरायचं, ती सातला पोचायची आणि प्रकाशाच्या टेबलावर बसून सगळी चित्रं नव्याने काढायची. ती डावखुरी. तिच्या हाताला भिंगरीचा चेहरा उलट्या दिशेलाच सोपा जायचा. म्हणून ती तो उलटा काढी, कागद पालथा घाली आणि खालच्या उजेडात दिसणारी रेघ गिरवी. चेहरा सुलटा होई. तीळ मात्र उलट्या चेहऱ्यावरही ती सवयीने डाव्याच गालावर देई, आणि कागद पालथा झाला की तो भलत्या गालावर जाई. तो खोडून हलवावा लागे. घाईत कधी राहून जाई. दुसऱ्या कोणाची पापणी चुकली तरी तिला दिसायची. स्वतःचा तीळ दिसत नसे. नऊ वाजता गठ्ठ्यावर सही होई आणि चित्रं अण्णांची म्हणून पुढे जात. अण्णांना कळू द्यायचं नाही, एवढं तिने कटाक्षाने पाळलं होतं.

हे उघड झालं तर तिची नोकरी जाणार होती. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण शेवटच्या भागाच्या शेवटी एकच नाव येणार होतं, अण्णांचं. तेही गेलं असतं.

"एक अडचण आहे," लेखक म्हणाला. त्याने तिसरा चेहरा लावला. भिंगरी तापाने अंथरुणात पडलेली. रेघ किंचित कापरी. बत्तिशी दिसणारं मलूल हसू. "हा सहा वर्षांपूर्वीचा भाग. तीळ उजवीकडे आहे, पण लकबी सगळ्या डावीच्या. इथे अंदाज कोसळतो."

"सोडून द्या की एक," निर्मातीबाई म्हणाल्या.

"मी सोडीन. चाहते सोडणार नाहीत. ताई, अण्णांना विचाराल?"

ताई त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हा गठ्ठा तिला आठवत होता. थरथर तापाला शोभून दिसत होती, म्हणून तेवढं एकच दृश्य तिने अण्णांच्या हातचं तसंच जाऊ दिलं होतं. ते तिने पालथं घातलंच नव्हतं. मग तीळ हलला कसा? अण्णांचा तीळ तेवीस वर्षांत एकदाही हलला नव्हता.

"विचारते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोक काढत होते. शेवटच्या भागासाठी मालिका वर्षभर थांबली होती आणि तेव्हापासून त्यांनी एक रेघ ओढली नव्हती, पण टोकं रोज काढत.

"अण्णा, तापाचा भाग आठवतो? त्यात तीळ उजवीकडे कसा गेला?"

अण्णांचं पातं थांबलं. "कोणाच्या लक्षात आलं?"

"लेखकाच्या. बाकीच्या सगळ्यांचा मेळ लागतो म्हणतो. तुमच्या त्या एकाचाच लागत नाही."

"हुशार दिसतोय." त्यांनी पेन्सिल उजेडात धरून टोक पाहिलं. "तेव्हाच्या साहेबांचा फोन आला होता. तू भाजी आणायला गेली होतीस. म्हणाले, तीळ सारखा गाल बदलतोय, तुमची मुलगी तपासते तरी काय? मी म्हटलं, तिला काही बोलू नका. चूक माझी आहे, आणि माझ्या चित्राला ती हात लावत नाही."

ताई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

अण्णांनी टेबलावरचा भुसा फुंकला.

"मग विचार केला, एवढं छातीठोक सांगितलंय, तर एकदा तरी आपण चुकायला हवं."